टपावरचं तळं

रविवारी दुपारी गाडी धुतली आणि चहाला आत आलो. खिडकीतून पाहतो तर टपावर चतुर घिरट्या घालतोय. घालतेय म्हणायला हवं, कारण ती शेपटीचं टोक टपाला टेकवायची, उडायची, चार बोटं पुढं जाऊन पुन्हा टेकवायची. अंडी घालत होती बिचारी. तापलेल्या काळ्या पत्र्यावर!

काळा गुळगुळीत पत्रा उजेड परतवतो तो अगदी पाण्यासारखा. चतुराच्या एकेका डोळ्यात हजारो भिंगं, पण एवढ्यालाच ती फसतात.

आम्ही लहानपणी चतुर कुठं म्हणायचो? हेलिकॉप्टर. पोळ्याच्या सुमारास मामाच्या वावरातल्या बारवेवर थवेच्या थवे. मागून दबकत जायचं, श्वास धरायचा, चिमटीत शेपटी. दहातून नऊदा फसगत. हाती लागलं की पायांत खडा द्यायचा. त्या पायांनी धड चालताही येत नाही त्याला, पण खडा असा कवटाळून धरायचं की सोडवता सुटू नये. पंखांची फरफर बोटांना अजून आठवते. आजी ओरडायची, "काय करायलास रे लेकरा? सोड त्याला, पाऊस रुसंल!" आम्ही सोडायचो. दुसरं धरायचो.

बारवेच्या पायऱ्यांना, पाण्याच्या जरा वर, पाठीत उभी चिरलेली सालपटं चिकटलेली असायची. विंचवाची पिलं म्हणून आम्ही लांबूनच बघायचो. ती याच हेलिकॉप्टरांनी पाण्यातून वर येऊन टाकलेली कात, हे कळायला पुढं बरीच वर्षं गेली. पाण्यात असतात तोवर ही पिलं डासांच्या अळ्यांवर ताव मारतात, हेही तेव्हाच कळलं.

थव्यातली ती पिवळसर मंडळी म्हणे पावसाच्या वाऱ्यावर येतात, आणि पाऊस सरला की मालदीववरून थेट आफ्रिकेकडं. समुद्र ओलांडून! आम्ही त्यांच्या पायांत खडे देत होतो.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा मामाच्या बारवेत उतरून पाहिलं होतं. तळाशी भेगा, एक फुटका पोहरा, प्लॅस्टिकच्या बाटल्या. सालपटं एकही नाही.

तर, रविवारी मी बाहेर गेलो, हात हलवून तिला हाकललं. दोनदा परत आली. शेवटी कुंडीतली माती मूठभर घेतली आणि नुकत्याच धुतलेल्या टपावर भुरभुरवली. चमक गेली, ती गेली.

तेव्हापासून गाडी धुतलेली नाही. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, हे कारण सांगायला बरंय. बायको आळस म्हणते. शेजाऱ्यांची नवी काळी गाडी मात्र रोज पुसली जाते, आरशासारखी. त्यांना काय सांगणार?