वीस आठवडे आपलेही आहेत, पण मागच्या बाकावर कोण बसतंय?

फिनलंडमध्ये पहिली ते सहावीचा वर्गशिक्षक व्हायला पाच वर्षं आणि पदव्युत्तर पदवी लागते, हे बेळगाव-खानापूर-निपाणीच्या प्रत्येक डी.एल.एड.वाल्यानं (प्राथमिक शिक्षकाची पदविका करणाऱ्यानं) एखाद्या तरी कार्यशाळेत ऐकलेलं असतं. साहेबांच्या भाषणात ते येतंच. तेव्हा त्या पाच वर्षांच्या 300 क्रेडिटांचं कौतुक करत बसत नाही. इथं फिनलंडमध्ये धक्का बसतो तो सरावपाठाच्या टाचणावर, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यावर. उद्दिष्ट, साहित्य, मिनिटांचा हिशेब सगळं लिहून नेलं, तरी मार्गदर्शक बाई विचारतात: मुलं कुठं चुकतील ते लिहिलंय का?

दुसरीची हातच्याची वजाबाकी घ्या. 52 वजा 27. बरीच मुलं 35 लिहितात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून काही जण सातातून दोन काढून मोकळे होतात. काही जण मात्र दशक उसना घेतात, बारातून सात बरोबर काढतात, पण पाचाचे चार करायला विसरतात. उत्तर तेच, 35. वही तपासताना दोघांनाही सारखीच फुली मिळते. पण पहिल्याला दहा काड्यांची जुडी सोडून दाखवायला हवी, आणि दुसऱ्याला जुडी कळलेली आहे, त्याला पाचावर काट मारून वर चार लिहायची सवय लावायची आहे. म्हणून बाई म्हणणार, उदाहरण बदला, 53 वजा 27 द्या. आता पहिल्या चुकीला 34 येतं, दुसरीला 36. फळ्यावरचा एक आकडा बदलला की कोण कुठं अडलंय ते कळतं. एककांच्या आकड्यांत नेमका पाचाचा फरक असला की दोन्ही चुका एकाच उत्तरात लपतात, तेवढं टाळायचं.

आपल्या टीसीएचच्या (डी.एल.एड.च्या आधीच्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या) जमान्यातल्या बाईंना हे येत नव्हतं असं मुळीच नाही. काड्या, चिंचोके, गजगे घेऊन त्यांनी पिढ्याच्या पिढ्या शिकवल्या. फक्त त्यांचं हे शहाणपण त्यांच्याबरोबरच निवृत्त झालं. टाचणवहीत उरलं ते पूर्वज्ञान, प्रस्तावना, विकसन, मूल्यमापन, गृहपाठ, आणि तेही बऱ्याचदा मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवलेलं.

आता हिशेब बघा. इथं सराव साधारण 20 क्रेडिटांचा आहे. एका क्रेडिटला सुमारे 27 तासांचं काम धरतात, म्हणजे पाच वर्षांत मिळून 540 तास. त्यात टाचण, निरीक्षण, चर्चा सगळं आलं. आपल्या डी.एल.एड.ला एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) 2014 च्या नियमांप्रमाणे 20 आठवड्यांची इंटर्नशिप आहे. म्हणजे कागदावर आपणच पुढं! फरक पडतो तो मागच्या बाकावर.

इथं विद्यापीठाची स्वतःची सराव-शाळा असते. खरीखुरी शाळा, खरी मुलं. तिथल्या शिक्षकांच्या नोकरीतच छात्रशिक्षकांना घडवणं धरलेलं असतं, उपकार म्हणून कुणी करत नाही. आधी नुसतं बघायचं, तेही काम देऊन: बाईंनी कुणाला प्रश्न विचारले, उत्तरासाठी किती थांबल्या. मग जोडीनं पाठ. एक शिकवतो, दुसरा नोंदी करतो. 45 मिनिटांचा तास झाला की बसून बोलायचं, आणि आधी शिकवणाऱ्यानंच बोलायचं. चुका सगळ्यांच्या त्याच. साहित्य आधी वाटलं आणि सूचना नंतर दिल्या, की सूचना कुणी ऐकत नाही. पाच सूचना एका दमात दिल्या, की तिसरीपासून पुढच्या हवेत. भराभर करणारी मुलं दहा मिनिटांत मोकळी होतात आणि त्यांच्यासाठी पुढचं काही काढून ठेवलेलं नसतं, मग शेजाऱ्याची पेन्सिल आहेच. प्रश्न सारखे पुढच्या चौघांनाच जातात, हे शिकवणाऱ्याला कधी दिसत नाही. जोडीदाराच्या नोंदीत दिसतं.

आपल्याकडं मार्गदर्शक शिक्षिकेला मागं बसायला वेळ कुठाय? दोन वर्ग, अक्षर दासोहाचा (शाळेतल्या दुपारच्या जेवणाचा) हिशेब, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला भरायची माहिती. छात्रशिक्षक आला की तिला हायसं वाटतं, आणि बाई नसलेल्या वर्गावर तो एकटा उभा राहतो. त्यात त्या बाईंचा दोष काय? 2011 च्या जनगणनेत एकट्या बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या 47 लाखांवर होती. फिनलंड हा अख्खा देश आजही 56 लाखांचा. वर्गशिक्षक घडवणारी विद्यापीठं आठ. लेखी परीक्षा, मग योग्यता चाचणी, असं गाळून पोरं घ्यायला त्यांना परवडतं. तीन इयत्ता एका खोलीत घेऊन नली-कलीची (कर्नाटकातल्या खेळत शिकण्याच्या पद्धतीची) कार्डं फिरवणाऱ्या आपल्या मास्तरासमोर इथल्या एखाद्या एम.ए.ला आठवडाभर उभं करा, मग बोलू. आणि प्राथमिकचं शिकवणं हे वेगळं शास्त्र आहे, हे आपल्या सुप्रीम कोर्टानंही 2023 मध्ये मान्य केलं. पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही ते त्यामुळंच. सराव-शाळांचं मात्र कुणी बोलत नाही.

इथल्या वर्गशिक्षकाच्या अभ्यासक्रमात करवत, रंधा आणि शिलाई मशीनही आहे, मुलगा असो की मुलगी. पूर्वी सुतारकाम आणि शिवणकाम वेगळं चालायचं, 2016 पासून लागू झालेल्या शालेय अभ्यासक्रमात हस्तकला हा एकच विषय झाला. मुळं जुनी आहेत. यूव्हास्क्यूलामध्ये 1863 साली शिक्षक-विद्यालय काढणाऱ्या उनो सिग्नेउसनं हस्तकला शाळेत आणली. गांधीजी 1937 च्या एप्रिलात आपल्या बेळगावजवळच्या हुदलीला येऊन गेले आणि त्याच वर्षी वर्ध्याला नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, मांडली. आपण तकली केव्हाच माळ्यावर टाकली, यांनी करवत ठेवली. संगीतात पियानोवर गाण्याला साथ करता यावी लागते, दोन-तीन स्वरमेळांत बालगीत निभावलं तरी चालतं. हार्मोनियमवादक रामभाऊ विजापुरेंच्या गावच्या पोरांना ते जड जाऊ नये. फक्त भाता नसतो.

भाषेचं सीमाभागातल्या माणसाला सांगायलाच हवं. स्वीडिश बोलणारे इथं पाच टक्क्यांच्या आसपास. गावात अल्पभाषक 8 टक्के किंवा 3,000 भरले की ते गाव द्विभाषिक. वासा शहरात स्वीडिशमधून वर्गशिक्षक घडवणारा विद्यापीठ विभाग आहे, त्याची स्वीडिश सराव-शाळाही आहे. आणि फिनिशमधून शिकलेल्यालाही स्वीडिश येत असल्याचं दाखवल्याशिवाय पदवी मिळत नाही. आपल्याकडं अल्पभाषक मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायला सांगणारं 350 अ कलम 1956 पासून घटनेत आहे. मराठी शाळेतली पोरं कन्नड शिकतात, शिकावंच. उलट्या दिशेनं काय, ते बेळगावकरांनी सांगावं.

कुणी यायचं म्हणत असेल तर आधी एवढं बघा. युरोपबाहेरच्यांना इंग्रजी माध्यमाला 2017 पासून फी आहे, फिनिश किंवा स्वीडिशमधून शिकलात तर नाही. पण ज्या भाषेत शाळा चालते ती उत्तम यावी लागते, आणि दोन वर्षांचं डी.एल.एड. इथल्या पदव्युत्तर पदवीच्या पातळीला धरत नाहीत. त्यामुळं हातातली केएआरटीईटीची (कर्नाटकच्या शिक्षक पात्रता परीक्षेची) तयारी सोडून विमानाचं तिकीट काढू नका. वर्षभर फिनिश शिकून बघा, पंधरा विभक्ती आहेत.