अमरधाममध्ये जेवायला या

रविवारी दुपारी, नेमका डोळा लागायच्या वेळी बंडूचा फोन आला. बंडू म्हणजे माझा मावसभाऊ. जन्म चिपळूणचा, नोकरी नाशिकला. नोकरी सुटली तेव्हा गावी परत न येता त्यानं नाशिकलाच एक गाळा घेतला. सकाळी मिसळ, दुपारी पोळीभाजी, संध्याकाळी भजी असा बेत. भांडी आली होती, शेगडी आली होती, आचारी ठरला होता. अडलं होतं ते पाटीवर.

"नाव ठरलंय रे दादा," बंडू म्हणाला. "पोराचं नाव घालायचं असं आईनं बजावलंय. पण नुसतं 'अमर' कसं बोडकं वाटतं, म्हणून पुढे 'धाम' लावलं. अमरधाम. कसंय?"

मी उठून बसलो. नाशिकला अमरधाम म्हणजे स्मशानभूमी. नगरलाही तेच. बंडूला नाशिकात येऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण सुदैवानं त्याच्यावर तिकडे जायची वेळ आली नव्हती. बायको रत्नागिरीची, तिलाही कल्पना नाही. पाटीवाला मात्र पक्का नाशिककर. त्यानं नाव लिहून घेतलं, ॲडव्हान्स घेतला आणि एवढंच विचारलं म्हणे, "काळ्यावर पांढरं करायचं ना?"

चूक बंडूची नव्हती. अमर आणि धाम, दोन्ही शब्द चांगल्या घरचे. एकत्र आले आणि तेही नाशिकात आले, एवढाच काय तो घोटाळा. हेच हॉटेल त्यानं चिपळुणात काढलं असतं तर लोक मुकाट्यानं मिसळ खाऊन गेले असते. पुण्यात 'वैकुंठ' नावाची खानावळ कुणी काढेल का? नवी पेठेच्या कडेला वैकुंठ आधीच आहे आणि तिथे माणूस एकदाच जातो. मुंबईतली 'चंदनवाडी' घ्या. काय सुंदर नाव आहे! महाबळेश्वरच्या एखाद्या रिसॉर्टला शोभेल. पण मरीन लाइन्सला उतरणाऱ्या जुन्या गिरगावकराला विचारा, चंदनवाडीत दोन दिवस राहायला येता का? 'सोनापूर' हे आणखी एक नाव. सोन्याचं गाव असलं तरी मुंबईत तिकडे कुणी हौसेनं जात नाही.

श्रीमंतांना मात्र सगळं माफ असतं. १९०३ साली अपोलो बंदरावर मोठ्या थाटात जे हॉटेल उघडलं, त्याचं नाव ठेवलं ताजमहाल. आता ताजमहाल ही कबर आहे, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. तरी त्या नावाच्या छपराखाली राहून आजवर कुणाची झोप उडाल्याचं ऐकलं नाही. मिसळीला वेगळा न्याय.

ताज हे राहायचं हॉटेल. आपल्याकडे खरं हॉटेल म्हणजे खायचं. राहायचं असेल तर लॉज, आणि लॉज हा शब्द जरा खालच्या आवाजात. आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या लेखी दोन्ही शब्द परके. ते मराठीचे शिक्षक होते आणि बाहेर खायला जाणं म्हणजे त्यांच्यासाठी शुद्धलेखन तपासायला जाणं. एकदा कोल्हापूरला जाताना एसटी चहाला थांबली. दारावर पाटी होती, 'उपहारगृह'. अण्णांच्या कपाळाची शीर उठली. उपहार म्हणजे भेटवस्तू, उपाहार म्हणजे फराळ. एका कान्याचा फरक आणि निम्म्या महाराष्ट्राच्या पाट्यांवर तो काना गळालेला. चहा झाल्यावर अण्णा गल्ल्यावर गेले आणि गंभीरपणे म्हणाले, "पाटी वाचली. उपहार काय देता?" गल्ल्यावरच्या माणसानं सुट्टे पैसे मोजता मोजता बडीशेपेची बशी त्यांच्यापुढे सरकवली. अण्णा निरुत्तर झालेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. बडीशेप मात्र त्यांनी घेतली. बसमध्ये चढताना शेजारच्या पाटीवरचं 'शुध्द शाकाहारी' वाचून ते पुन्हा भानावर आले. शुद्ध हाच शब्द अशुद्ध!

नावात सद्गुण घालणारी जुनी मंडळी मला आवडतात. दादरला मामा काणे यांचं 'स्वच्छ उपाहारगृह' आहे, शंभर वर्षांहून जुनं. स्वच्छ असणं ही तेव्हा पाटीवर लिहायची गोष्ट होती. वाचणाऱ्याच्या मनात लगेच येतं, की मग शेजारी काय होतं? मामांनी शेजाऱ्याला एक शब्दही न बोलता पुरता झोडला आहे. आज कुणी 'स्वच्छ' असं नाव ठेवलं तर लोक आधी किचन पाहायला मागतील.

तीच गत तब्येतीच्या नावांची. गिरगावात 'विनय हेल्थ होम', दादरला 'तांबे आरोग्य भुवन', पुण्यात आजची 'वैशाली' एके काळी 'मद्रास हेल्थ होम'. आमची आजी पहिल्यांदा मुंबईला आली तेव्हा आत्या तिला फणसवाडीत मिसळ खायला घेऊन गेली. आजीला अक्षरओळख होती, इंग्रजी शब्द लावून लावून वाचायची. पाटी वाचली आणि पदर सावरून हळूच विचारलं, "कोण गं आहे इथं? आपल्यापैकी आहे का कुणी?" आत गेल्यावर पाव पाहून तिची खात्रीच पटली. तिच्या काळी पाव आजाऱ्यालाच देत. शेवटी तिनं मिसळ पावाशिवाय खाल्ली आणि सगळ्या खोलीवर नजर फिरवून म्हणाली, "बरे दिसतायत हो सगळे."

वैशालीवरून आठवलं. फर्ग्युसन रस्त्यावर वैशाली आणि आम्रपाली ही दोन्ही नावं एकाच मालकानं लावली. आम्रपाली ही प्राचीन वैशालीची नगरवधू. पुढे तिनं आपली आमराई बुद्धाच्या संघाला दिली आणि स्वतःही भिक्षुणी झाली. एवढा इतिहास पाटीवर टांगलेला असताना पिढ्यान्‌पिढ्यांचं लक्ष डोशाकडे आणि समोरच्या टेबलाकडे! त्याच रस्त्यावर 'शबरी' आहे. शबरीनं रामाला काय वाढलं हे सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे: उष्टी बोरं. तिथे थाळी खाताना मी एकदा हे बोलून गेलो आणि बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की पुढची पुरणपोळी मी मुकाट्यानं खाल्ली. (वाल्मीकींच्या रामायणात उष्ट्या बोरांचा उल्लेख नाही, ही गोष्ट मागाहून भर घातलेली आहे, असा खुलासा मी घरी आल्यावर केला. तोवर उशीर झाला होता.) टिळक रस्त्याच्या बाजूला 'दुर्वांकुर'. नाव गवताच्या कोवळ्या पात्याचं आणि ताटात एवढं वाढतात की उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागतो.

पण नाव आणि ताट यांची सर्वात गोड फारकत गिरगावच्या खोताच्या वाडीत होती. 'अनंताश्रम'. काय डोळ्यांपुढे येतं? पर्णकुटी, हरणाचं पाडस, दर्भ, समिधा. आणि मिळायचे बोंबील, सुरमई, तिसऱ्या. आश्रम बंद झाला, ते जेवलेली मंडळी अजून डोळे मिटून त्या कालवणाबद्दल बोलतात. समाधी लागायची ती अशी.

देवाचं नाव घेऊन बार काढणं ही आपली आणखी एक परंपरा. वर देवाचं नाव, खाली 'परमिट रूम'. हा परमिट शब्दही मजेशीर. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं पिणाऱ्याला परवाना लागू लागला, त्यातून ही खोली निघाली. आता परवाना कुणी विचारत नाही, पण खोलीवर शब्द राहिला. गडांचीही नावं बारना सर्रास असत. महाराजांनी जे किल्ले जिंकायला रात्री जागवल्या, ते लोक रात्री दोन पेगनंतर सर करू लागले. शेवटी २०२२ मध्ये राज्य सरकारनंच ठरवलं, की जिथे दारू मिळते तिथे महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं नकोत. तेव्हा पाटीवाल्यांचे बरे दिवस आले असणार.

सगळीच नावं हसण्यावारी नेण्यासारखी नसतात. २००६ मध्ये खारघरला एकानं हॉटेल काढलं आणि नाव ठेवलं 'हिटलर्स क्रॉस'. वेगळं काहीतरी, चटकन लक्षात राहील असं हवं होतं म्हणे. राहिलं लक्षात. मुंबईतल्या ज्यू मंडळींनी आवाज उठवला, बातमी जगभर गेली आणि मालकाला नावातला हिटलर काढावा लागला. शब्दाला वजन असतं, तो चमचमीत लागतो म्हणून उचलायचा नसतो, हे त्या माणसाला कुणी आधी सांगितलं नव्हतं. बंडूला सांगायला निदान मी होतो.

तर त्या रविवारी मी बंडूला समजावलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग 'स्वागत' ठेवू?" 'स्वागत' मी एका हायवेवर रात्री पाहिलं आहे. दिव्यांच्या अक्षरांपैकी 'स्वा' गेला होता आणि अंधारात लाल रंगात नुसतं 'गत' पेटत होतं. त्याच्या खाली उभा राहून एक ट्रकवाला दात कोरत होता. मी म्हटलं, असं नाव घे की अक्षर गेलं तरी अब्रू जाणार नाही. किंवा नावच ठेवू नकोस. ठाण्याच्या मामलेदार मिसळीचं बघ, समोर मामलेदाराची कचेरी म्हणून लोकच मामलेदार म्हणू लागले. लोक देतात ते नाव टिकतं.

बंडूला बिननावाची पाटी पटली नाही. आईचा शब्द. शेवटी 'धाम' गेलं, 'अमर' राहिलं, खाली बारीक अक्षरात 'मिसळ, पोळीभाजी, भजी'. पाटी पिवळ्यावर लाल. उद्घाटनाला मी गेलो होतो. तर्री झणझणीत, पाव ताजा, मटकीला मोड असे की बघत राहावं.

महिन्याभरानं त्याचा पुन्हा फोन आला. धंदा उत्तम, सकाळी बसायला जागा मिळत नाही. आवाज मात्र पडलेला.

"काय झालं?"

"तो पाटीवाला," बंडू म्हणाला. "त्यानं रिक्षास्टँडवर सगळ्यांना आधीचं नाव सांगितलं. आता अख्खी गल्ली अमरधामच म्हणते. परवा एक जण मिसळ खाता खाता बायकोला फोनवर सांगत होता, 'अमरधामला आलोय, अर्ध्या तासात घरी येतो.'"

"मग? ती काय म्हणाली?"

"ते नाही ऐकू आलं. पण त्यानं तिच्यासाठी दोन पार्सल नेली."