टो घरी जुळतो, लॉक नट सुटला तर

अलाइनमेंट करून आणलेल्या गाडीखाली एकदा टॉर्च मारून बघा. माझ्या गाडीच्या टाय रॉडच्या, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याच्या, लॉक नटावर चोर्ला रस्त्याची लाल माती जशीच्या तशी होती. गंजावर पान्याचा साधा ओरखडासुद्धा नव्हता. कागदावर मात्र सगळे आकडे हिरवे! टो म्हणजे वरून बघताना पुढची चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते. नट न सोडता तो जुळवता येतच नाही, म्हणजे पैसे प्रिंटचेच घेतले. तेव्हापासून टो मी घरीच बघतो.

मोजायला फार काही लागत नाही. सपाट जागा हवी, टायरमध्ये स्टिकरवर लिहिलेली हवा हवी आणि स्टिअरिंग सरळ धरून बांधलेलं हवं. गवंड्याची नायलॉन दोरी गाडीच्या दोन्ही बाजूंना हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) उंचीवर ताणायची. दोन दोऱ्यांमधलं अंतर पुढे-मागे सारखं पाहिजे. पुढच्या दोन्ही हबांपासून दोरी सारख्याच अंतरावर यावी, मागच्या दोन्हींचंही तसंच. पुढचं माप मागच्याशी जुळलं नाही तर घाबरू नका, दोन्ही ॲक्सलची रुंदी बहुधा वेगळी असते. मग रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत स्टीलच्या पट्टीने मोजा. पुढचं अंतर जास्त आलं तर टो-इन (चाक पुढून आत वळलेलं), कमी आलं तर टो-आउट. दोन्ही चाकांचे फरक मिळवले की एकूण टो. लहान गाड्यांत तो शून्याच्या आसपास असतो, पण आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलचाच धरा. खड्ड्यात आपटलेली रिम वाकडी असू शकते, म्हणून गाडी चाकाचा अर्धा फेरा पुढे ढकलून परत मोजा.

आता तो नट. आपल्याकडे खानापूरचा पाऊस आणि पुढे ऊस-ट्रॉल्यांनी उखडलेले रस्ते, त्यामुळे चिखल आट्यांत जाऊन सिमेंटसारखा बसतो. आधी वायर ब्रशने उघडे आटे चकचकीत करा. गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर मुरू द्या, सकाळी परत मारा. पाना डबल रिंगचा किंवा नीट बसणारा फिक्सच घ्या. ॲडजस्टेबल पान्याने कोपरे गोल झाले की काम दुप्पट. दुसऱ्या पान्याने टाय रॉड एंडचा (रॉडच्या चाकाकडच्या टोकाचा) चपटा भाग धरायचाच, नाहीतर सगळा जोर बॉल जॉइंटवर जातो.

दिशा तर हमखास चुकते. नट आतल्या रॉडवर असतो आणि बाहेरच्या एंडला टेकून आवळलेला असतो. तो सुटायला आत, रॅककडे (स्टिअरिंगने डावी-उजवीकडे सरकणाऱ्या आडव्या दांड्याकडे) सरकला पाहिजे. नेहमीचे उजवे आटे असतील तर चाकाकडून बघताना तो घड्याळाच्या दिशेने फिरवावा लागतो. सवयीने उलटा ओढला तर आणखी घट्ट होतो, आणि माणूस गंजाला शिव्या देत पान्याला पाइप लावतो. तरीही हलला नाही, तर नटाच्या एका बाजूला जड हातोडी टेकवून समोरच्या बाजूने ठोका. गॅसची ज्योत शेवटचा उपाय, तीही बॉल जॉइंटच्या आणि रॅकच्या रबरापासून लांब. रबर वितळलं तर नवा एंड घ्यावा लागतो.

नट सुटला म्हणून लगेच रॉड फिरवू नका. रॅक बूटची (रॅकच्या टोकावरच्या रबरी आवरणाची) बारीक क्लिप ढिली करा, बूटच्या तोंडाखाली थोडं ग्रीस सोडा. नाहीतर रॉडबरोबर बूट पिळतो, फाटतो, आणि पुढच्या पावसात रॅकमध्ये पाणी.

एका वेळी पाव फेरा, तेवढ्यात रिमवर साधारण १ मिमी फरक पडतो. रॅक ॲक्सलच्या मागे असेल तर रॉड लांबवल्यावर टो-इन वाढतो, पुढे असेल तर उलट. दोन्ही बाजूंना सारखंच फिरवा. फक्त स्टिअरिंग वाकडं असेल तर एक रॉड जितका लांबवाल तितकाच दुसरा आखडा. टो तसाच राहतो, स्टिअरिंग मधे येतं.

दोरी ताणण्याआधी करायचं एक काम राहिलं. चाक उचलून, खाली घोडी लावून (नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरणं म्हणजे मूर्खपणा), ३ आणि ९ वर धरून हलवा. खडखडलं तर टाय रॉड एंड किंवा रॅकचा सांधा गेला. १२ आणि ६ वर खडखडलं तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट. खेळ असलेल्या सांध्यावर घेतलेलं माप पुढच्याच खड्ड्यात बदलतं. कॅम्बरच्या, म्हणजे चाकाच्या वरून आत-बाहेर झुकण्याच्या, नादी घरी लागू नका. बहुतेक लहान गाड्यांत पुढे तो जुळवायची सोयच नसते, आणि बिघडला असेल तर स्ट्रट (शॉक ॲब्सॉर्बरचा खांब) किंवा नकल (हब धरणारा भाग) वाकलेला असतो.

जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजायची नाही. टायर आत ओढलेले राहतात. दोन-तीन मीटर पुढे ढकला, सस्पेन्शन बसू द्या, मग पट्टी लावा. आकडा आला की एंड सरळ धरूनच लॉक नट आवळा, बूटची पीळ हाताने काढून क्लिप बसवा. नट आणि एंड दोघांवरून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. आठवड्याने खाली वाकून बघा, रेघ तुटलेली दिसली तर नट सरकलाय.