एबन-एजर कुठे सापडलं

आमच्याकडे सकाळची उपासना मराठीत असते आणि संध्याकाळची इंग्रजीत. मी दोन्हीकडे कॉयरमध्ये गाते. जुन्या इंग्रजी गीतांत मधूनच एखादं नाव येतं आणि सगळे ते सुरात म्हणून पुढे सरकतात. रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या १७५८ सालच्या ‘कम दाउ फाउंट’मध्ये गाणारा म्हणतो, इथे मी माझा एबेनेझर उभारतो. एबेनेझर तसा ओळखीचा, ख्रिस्ती वस्तीत त्या नावाची पाटी कुठल्या ना कुठल्या दारावर असतेच. पण तो ‘उभारायचा’ म्हणजे काय करायचं? सरावाला येणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीने विचारलं आणि सगळे एकमेकांकडे बघत राहिले.

फोनवरच्या मराठी बायबलमध्ये ‘एबेनेझर’ टाकून काहीच हाती लागलं नाही, कारण तिथे ते ‘एबन-एजर’ असं लिहिलेलं. शेवटी बायबलातला कुठला शब्द कुठे येतो ते सांगणारी पाळकसाहेबांकडची जाडजूड इंग्रजी शब्दसूची मागून आणली. तीन जागा निघाल्या, तिन्ही बायबलातल्या १ शमुवेल या पुस्तकात. उत्तर ७:१२ मध्ये होतं. इस्राएलाचे शत्रू असलेल्या पलिष्ट्यांना पिटाळून लावल्यावर संदेष्टा शमुवेल मिस्पा आणि शेन यांच्यामध्ये एक धोंडा उभा करतो आणि म्हणतो, परमेश्वराने आम्हाला इथवर साहाय्य केलं. एबन-एजर म्हणजे साहाय्याचा धोंडा.

त्या मुलीचं एवढ्याने समाधान झालं. मला मात्र उरलेल्या दोन जागा सोडवेनात. चौथ्या अध्यायात इस्राएल लोक एबन-एजराजवळच तळ देतात आणि सपाटून मार खातात. चार हजार माणसं पडतात. मग शिलोहून कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, छावणीत आणतात, गळ्यात ताईत बांधावा तसा. पुढच्याच लढाईत तीस हजार पडतात, याजक एलीचे दोन्ही मुलगे मरतात आणि कोशही शत्रूच्या हाती जातो. पाचव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात पलिष्टी तो एबन-एजराहून अश्दोदला नेतात. सातव्या अध्यायाशी येईपर्यंत वीस वर्षं उलटलेली असतात. लोक बआल आणि अष्टारोथ ही परकी दैवतं टाकून देतात, मिस्पात उपास करतात, पाप कबूल करतात, आणि मग तो धोंडा उभा राहतो.

दोन्ही एबन-एजर एकाच जागी होते का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला विचाराल तर सांगणाऱ्याने ते नाव उगाच दोनदा आणलेलं नाही. ‘इथवर’ या शब्दात ती हारही मोजलेली आहे. म्हणूनच गीताच्या शेवटच्या कडव्यात आपलं मन भरकटतं अशी जी कबुली येते, ती या धोंड्याला धरूनच आहे असं मी मानते. काही गीतसंग्रहांनी लोकांना कळत नाही म्हणून एबेनेझरची ओळच बदलून टाकली. मला ते पटत नाही. दोन मिनिटं सांगितलं की कळतं.

मग गीतांतली अशी नावं शोधायचा नादच लागला. मार्टिन लूथर यांच्या ‘अ माइटी फोर्ट्रेस’मधला ‘सबाओथ’ चटकन सुटला. बरेच जण त्याला शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, समजतात, पण तो आपला मराठी बायबलातला ‘सेनाधीश परमेश्वर’. गिलाद या प्रदेशातल्या मलमाची गंमत वेगळी. यिर्मया ८:२२ मध्ये संदेष्टा हताश होऊन विचारतो की गिलादात मलम उरलंच नाही का, आणि आफ्रिकन-अमेरिकन गुलामांच्या परंपरेतलं गीत त्याला ठणकावून सांगतं, आहे!

आता गाडी यर्देन नदीवर अडली आहे. गीतांत यर्देन ओलांडणं म्हणजे मरण आणि पलीकडचा कनान देश म्हणजे स्वर्ग. पण बायबलातलं यहोशवाचं पुस्तक उघडा, नदी ओलांडल्यावरच खऱ्या लढाया सुरू होतात. यरीहो आणि आय या शहरांवरचे हल्ले, आखानने लुटीतून केलेली चोरी, सगळं पलीकडच्या काठावर. पाळकसाहेब म्हणतात, इब्री लोकांस पत्राचा चौथा अध्याय वाच. तिथे स्पष्ट म्हटलंय की लोकांना नदीपार नेणाऱ्या यहोशवाने त्यांना खरा विसावा दिलाच नव्हता, तो अजून राहिलेला आहे. म्हणजे गीतकारांना आधार आहे म्हणायचा. तरी दफनविधीला ती गीतं गाताना आखान माझ्या डोक्यातून जात नाही.