तुम्ही विचारलंत म्हणून : या वाट्या रोज वापरायला भीती नाही वाटत?

घरी पहिल्यांदा जेवायला आलेलं माणूस कोशिंबिरीची वाटी उचलून खालून-वरून न्याहाळतं आणि विचारतं, "जपानहून आणलेल्या ना? मग रोज कशाला वापरता? फुटल्या म्हणजे?" परवा शेजारच्या काकूंनीही हेच विचारलं. तेव्हा कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, उत्तर अर्धंच राहिलं. ते इथे पुरं करते.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं तोचिगी प्रांतातल्या उत्सुनोमियाला होतो. तिथून बसने तासाभरावर माशिको हे कुंभारांचं गाव. वर्षातून दोनदा, वसंतातल्या मोठ्या सुट्टीत आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला, तिथे भांड्यांची जत्रा भरते. रस्त्याच्या कडेने मांडव, आणि पुष्कळ मांडवांत भांडी घडवणारेच विकायला उभे. तिथेच मी पहिल्या तीन वाट्या घेतल्या. तिकडे त्यांना कोबाची म्हणतात : जेमतेम 12 सेंटिमीटर रुंद, थोड्या खोलगट. भाताच्या आणि सूपच्या वाडग्याशेजारी यात एखादी उकडलेली पालेभाजी, तोफू किंवा लोणचं असतं. वाट्या बहुधा पाचाच्या संचात विकतात. चार नको, कारण चारला 'शी' म्हणतात आणि मृत्यूलाही 'शी'च. मला परवडल्या तीन.

माशिकोची माती लोहाची आणि जाडीभरडी. तिच्यातून नाजूक, पातळ भांडं निघत नाही. 1853 साली ओत्सुका केइझाबुरो यांनी तिथे भट्टी लावली, तेव्हापासून निघाले ते पाण्याचे रांजण, खल, किटल्या. सगळा स्वयंपाकघराचा माल, टोकियोपर्यंत जाणारा. 1924 मध्ये हामादा शोजी हे कुंभार माशिकोला आले आणि पुढे कायमचे तिथलेच झाले. लोकांच्या रोजच्या भांड्यांत सौंदर्य आहे हे ठामपणे मांडणारी 'मिंगेई' चळवळ विचारवंत यानागी सोएत्सु, कुंभार कावाइ कानजिरो आणि हामादा यांनी उभी केली. 1955 साली सरकारने हामादांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' ठरवलं. एवढा मान मिळालेला हा माणूस आपल्या भांड्यांवर सही करत नसे. भांडं हातात घेतलं की ओळख पटावी, बुडाशी नाव शोधायला लागू नये, असं मला त्यातून वाटतं. काकू, तुम्ही परवा वाटी उलटी करून नाव शोधलंत, म्हणून हे सांगितलं.

नाव नसलं तरी बूड बघण्यासारखं असतं खरं. तिथे ग्लेझ, म्हणजे भट्टीत काचेसारखा होणारा लेप, नसतं, उघडी माती दिसते. चाकावरून उतरवलेली वाटी थोडी सुकली की पालथी घालून तिची बुडाची कडी कोरून काढतात. या कडीमुळेच गरम वाटीही बोटांवर पेलता येते. जपानी जेवणात वाटी उचलून हातात घ्यायची, तोंड ताटाकडे न्यायचं नाही. आपली स्टीलची वाटी ताटात बसून राहते, आमटी गरम असेल तर तिला हात लावायची सोय नाही. कोबाची मात्र तळहातासाठीच घडवलेली. नवी असताना तिची कडी खरखरीत लागते, टेबलावर ओरखडे पडतात, म्हणून पॉलिश पेपरने हलकेच घासून घ्यायची.

आता मुख्य गोष्ट. माझ्या तीनही वाट्यांचं पांढरं ग्लेझ भाताच्या तुसाच्या राखेपासून केलेलं आहे. त्या विकणाऱ्या बाईंनी कागदात गुंडाळताना बजावलं, वापरण्याआधी तांदळाच्या धुवणात वीस मिनिटं मंद आचेवर उकळा, आणि त्याच पाण्यात गार होऊ द्या. धुवणातला स्टार्च मातीच्या बारीक छिद्रांत बसतो आणि मग तेल, रस आत कमी मुरतात. मी चकितच झाले. धुवण म्हणजे आईने आयुष्यभर तुळशीला घातलेलं पाणी! तुसाची राख वाटीच्या अंगावर, तांदळाची पेज तिच्या पोटात, आणि मग ती जेवायला बसणार. अशा वाटीला काचेच्या कपाटात कसं ठेवू?

शिवाय ती कपाटात राहिली तर अर्धवटच राहते. भट्टीतून निघून निवताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतं आणि त्यावर केसासारख्या बारीक भेगा उमटतात. त्यांना 'कान्न्यू' म्हणतात. चहाच्या वाडग्यात वर्षानुवर्षं चहा मुरून या रेघा गडद होतात, आणि जपानी रसिक त्या कौतुकाने बघतात. आमच्या घरी चहाऐवजी हळद मुरली. धुवणाने ती थोपवली नाही, हे खरं सांगते. वाढण्याआधी वाटी पाण्यात बुडवून काढली तर डाग कमी पडतो, उन्हात ठेवली तर फिका होतो. आणि धुतल्यावर पूर्ण वाळल्याशिवाय एकात एक ठेवायची नाही, बुरशी येते. पुण्याच्या पावसाळ्यात याला दोन-दोन दिवस लागतात.

फुटण्याचं म्हणाल, तर एक फुटली. माझ्याच हातून, नळाखाली. सोनं भरून सांधण्याची कला तुम्ही ऐकली असेल, पण त्याचा खर्च वाटीच्या किमतीहून जास्त होतो, आणि रोजच्या वाटीला तिकडेही सहसा कोणी ते करत नाही. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. पण 11 मार्च 2011 च्या भूकंपात माशिकोतल्या उतारावरच्या जुन्या भट्ट्या ढासळल्या, खुद्द हामादांचीही, आणि तिथल्या लोकांनी विटा पुन्हा रचून त्या उभ्या केल्या. ज्या गावाला हे माहीत आहे, तिथली वाटी मी भीतीने बांधून ठेवू शकत नाही.

उरल्या दोन. परवा तुमच्या पानात होती, काकू, ती त्यातलीच. आतल्या बाजूला झाडाच्या फांदीसारखी पिवळी रेघ आहे ना, ती आमच्या चिंचगुळाच्या आमटीची.