सटवीचं अक्षर

रविवार, 1 जून 2025, रात्री

सकाळी डोळे चोळतोय तोवर चिनूने मोबाईल नाकासमोर धरला. "काका, हॅपी बड्डे! तुम्ही आज 21,185 दिवसांचे." जन्मतारीख टाकली की सगळा हिशेब मांडून देतं म्हणे. 1 जून 1967, वार गुरुवार. आजवर 717 पौर्णिमा. हृदयाचे ठोकेसुद्धा होते, मिनिटाला बहात्तर धरून नुसता गुणाकार. म्हटलं, म्हणजे सहस्रचंद्रदर्शनाला अजून 283 कमी.

हसलो खरा, पण चहा घशाखाली उतरेना.

काल भर पावसात शाल-श्रीफळ घेऊन घरी आलो. (यंदा पाऊसही 25 मेलाच कोकणात उतरला. त्यालाही कोणी एक जून लावला असेल.) एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी घरी बसवतात. नियमच आहे. पण मी एक जूनचा नव्हेच!

कोयनेचा भूकंप झाला त्या रात्री माझी सटवी होती. 11 डिसेंबर 1967, सोमवार, पहाटे 4 वाजून 21 मिनिटं. हे तरी पक्कं. सटवी सहाव्या दिवशी, ती रविवारी रात्री पुजलेली. मागे मोजत गेलो तर 5 डिसेंबर, मंगळवार. 187 दिवसांचा फरक. नोकरी डिसेंबरअखेर. म्हणजे सात महिने गेले. पगाराचं काही नाही. थोडं आहे. पण 16 तारखेला शाळा उघडेल, पहिलीची नवी पोरं दारात भोकाड पसरतील, आणि मी पडवीत बसून पागोळ्या मोजणार.

सहा पुरी नव्हती, तरी दादाच्या मागे रडत शाळेत गेलो. गुरुजींनी टाक बुडवला आणि मला सहा महिन्यांनी मोठा केला. दादाला आज फोन करायला हवा होता. असो.

सात महिने. दुपारभर तेच. ही म्हणाली, जेवा आता, पान वाढून ठेवलंय कधीचं.

जेवताना धनगरवाड्यावरची पहिली नेमणूक आठवली. जनरल रजिस्टर उघडून मी बसलेला, समोर बाप उभा. "गुरुजी, लावणीत झाला." मी लिहिलं, एक जून. "शिमग्यात झाली." एक जून. लावणीतल्याला निदान जुलै तरी द्यायचा! तेवढाही विचार केला नाही. तीसेक पोरं मी एकाच दिवशी जन्माला घातली. त्यातली नोकरीला लागलेली एकेक करून 31 मेला घरी येतील, तेव्हा मला शिव्या घालतील. घालू देत.

संध्याकाळी आईला विचारलं, मंगळवार नक्की?

"मंगळवारच. कोंबडा आरवायचा होता. तू झालास नि मग उजाडलं."

घ्या. आईचा वार सूर्य उगवल्यावर बदलतो, मोबाईलचा रात्री बाराला. म्हणजे तारीख 6, बुधवार? मग आईची नेहमीची गोष्ट सुरू झाली. पाट्यावर वरवंटा उभा केलेला, शेजारी कोरा कागद नि बोरू. धरणी हालली तसा वरवंटा गडगडत उंबऱ्यापर्यंत गेला, आढ्याचा कंदील झोके खायला लागला. "सटवी लिहीत होती तुझं. हात हालला तिचा." माझं गणित चुकलं, बदली लांब झाली, काहीही बिघडलं की घरात एकच उत्तर, सटवीचं अक्षर.

चिनूने तोवर 5 डिसेंबर टाकून पाहिलं. 20,998. "काका, परवा मंगळवारी 21,000! बरोबर 3000 आठवडे! पार्टी!" आणि तारीख 6 धरली तर बुधवारी.

आई उठली. माजघरातल्या बरक्या फणसावर तिने टिचकी मारली, कान लावून ऐकलं.

"मंगळवारपर्यंत नाय व्हायचा. बुधवारी सांदणं करू."