कागदावरचे आठ

परवा दुपारी जेवून आडवा झालो होतो. भिंतीवरच्या घड्याळातला सेल संपलाय, त्याला आठवडा झाला. उठून आणायचा कंटाळा. त्यापेक्षा कानात ‘द गून शो’ हा जुना इंग्रजी विनोदी रेडिओ कार्यक्रम लावला. १९५७ च्या फेब्रुवारीत बीबीसी रेडिओवर झालेला भाग, ‘द मिस्टीरियस पंच-अप-द-काँकर’. त्यात गोष्ट काय आहे ते मला दोनदा ऐकूनही सांगता येणार नाही. गून्सकडे गोष्ट मागायला जाऊही नये.

पण मध्येच त्यातलं एक पात्र, ब्लूबॉटल, दुसऱ्या पात्राला, एकल्सला, वेळ विचारतो. एकल्स म्हणतो, थांब, माझ्याकडे लिहून ठेवलीय. सकाळी एका भल्या माणसाने कागदावर लिहून दिलेली असते: आठ. आणि कुणी विचारलं तेव्हा आठ वाजलेले नसले तर? तर मी कागद दाखवतच नाही! ब्लूबॉटलला त्या कागदाचा हेवा वाटतो. आपल्यालाही असा कागद परवडला असता तर! मग तो कागद कानाला लावून बघतो, तर काय, कागद बंद पडलेला.

मी एकटाच खोलीत खो खो हसलो. आमच्याकडे रेडिओवरचं हसणं म्हणजे ‘पुन्हा प्रपंच’. टेकाडे भावोजी आले की आई गॅस बारीक करायची. तिथे माणसं निदान शहाण्यासारखी बोलायची. इथे सगळाच आनंद. एकल्सचा आवाज काढणारा स्पाइक मिलिगन जन्मला मात्र आपल्या नगरला, १९१८ साली. वडील ब्रिटिश फौजेत, त्यामुळे लहानपणाची काही वर्षं पुण्यात. कुणीही मोठा झाला की तो मूळचा आपलाच निघतो, ही आपली खोड मला एरवी आवडत नाही. याच्या बाबतीत चालेल.

तर तो कागद. तो आमच्याकडेही होता, मनगटावर. बॉलपेनने आधी गोल, मग पट्टा, पट्ट्याला भोकं. काटे कायम साडेपाचवर, कारण साडेपाचला शाळा सुटायची. गणिताच्या तासाला बाकाखाली हात करून शेजारच्याला दाखवायचं. तो आपलं दाखवायचा. त्याचेही साडेपाच. धाकटा भाऊ माझा हात कानाला लावून म्हणायचा, “दादा, वाजत नाहीये.” मग त्याच्या कानाशी मी तोंडाने टिकटिक करायचो. रात्री आई थुंकी लावून पदराने ते पुसायची, की सकाळी नवं घड्याळ.

बाबा शेवटच्या वर्षात दिवसभर वेळ विचारायचे. विचारलं की पाच मिनिटांनी पुन्हा. सुरुवातीला मी खरी सांगायचो. अकरा वीस. अकरा पंचवीस. ती ऐकून ते जास्तच कासावीस व्हायचे. एकदा सहज तोंडातून गेलं, “साडेपाच.” त्यांची कचेरीही साडेपाचलाच सुटायची.

पुढे मी तेवढंच सांगत राहिलो. सकाळी, भर दुपारी, रात्री दोनलासुद्धा. ते “झाले का?” म्हणायचे, उशाखालचा रुमाल घडी करून खिशात ठेवायचे, आणि पायाने चपला चाचपायला लागायचे.